कौल न देणारा पक्षी

वळ गावच्या शेतावर गोदाम उभं राहिलं आणि आलेल्या पैशातून माझ्या मामाने अंबाडी गावाच्या पुढे कोंबड्यांची शेड बांधली. करार साधा होता. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. जागा, पाणी, वीज आणि माणूस मामाचा. पाच-सहा आठवड्यांत पिल्लं विक्रीला तयार होत. तोवर त्यांचं वजन इतकं वाढे, की त्यांना आपल्या पायांवर धड उभं राहता येत नसे, पण ही अडचण कोणी मानत नसे. त्यांना न्यायला गाडी येई.

मी भिवंडीत राहतो. अधूनमधून रविवारी मामाकडे जेवायला जायचो. ताटातली कोंबडी शेडमधली कधीच नसे. गावातल्या घरामागे सात-आठ गावठी कोंबड्या फिरायच्या, त्यांच्यातली असे. निघताना मात्र मामा शेडमधला साफ केलेला एक बॉयलर पिशवीत घालायचा. "तुम्हा शहरवाल्यांना हेच पचतं," म्हणायचा. गावठी कोंबड्या शेडकडे आणायला कंपनीच्या सुपरवायझरची बंदी होती. त्यांच्यामुळे कंपनीच्या पक्ष्यांना रोग लागेल, असं तो सांगे. कंपनीच्या पक्ष्यांना पाण्यातून औषध चालू असे. गावठी उकिरड्यावर जगत आणि मांजराखेरीज कशाने मेल्याचं मी ऐकलं नाही.

शेडवर जवळच्या पाड्यावरचं आदिवासी जोडपं कामाला होतं. सकाळी मेलेले पक्षी वेचायचे आणि टाकीत औषध कालवायचं, हे नवऱ्याचं काम. एकदा पक्षी उचलताना त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला नख लागलं. बोट सुजलं, पिकलं. अंबाडीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या दिल्या. फरक पडला नाही. शेवटी मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे पू तपासला. नेहमीची औषधं या जंतूंवर चालत नाहीत, असं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे धरून विचारलं, "यातलं कुठलं औषध आधी घेतलं होतं?"

कागदावरचं एक नाव त्याने ओळखलं. तेच नाव तो रोज शेडवरच्या औषधाच्या डब्यावर बघत होता. "मी न्हाय बाई. कोंबड्या घेतात."

रोग शेडमधूनच आला, असं खात्रीने सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. सोमवारपासून भारी इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्यानेही उतार पडला नाही तर बोट काढावं लागणार होतं.

त्याच्या बायकोने रविवारीच गावदेवाला कोंबडा द्यायचं ठरवलं. मामाने उदारपणे शेडमधला सगळ्यात मोठा पक्षी दिला. मी सोबत गेलो.

पाड्यावरची रीत अशी, की देवापुढे तांदूळ टाकायचे आणि कोंबड्याने ते आपण होऊन टिपायचे. टिपले तर देवाने मानलं. न टिपलेला कोंबडा कापत नाहीत.

पाड्यावरच्या भगताने तांदूळ टाकले. पक्षी बसला तो बसलाच. त्याने तांदळाकडे पाहिलं आणि मान फिरवली. तांदूळ त्याने जन्मात पाहिले नव्हते.

"भूक नसेल," मामा म्हणाला.

"कशी असंल शेठ? रातभर दिवं लावून चारता," भगत म्हणाला. "पोट कवा रितं होतं त्याचं?"

अर्धा तास गेला. मग बायको शेडवर धावत जाऊन मूठभर कंपनीचं खाद्य घेऊन आली. ते पुढे टाकताच पक्षी बसल्या जागेवरून भराभर खाऊ लागला.

"खाल्लं बघा," मामा म्हणाला. "झालं ना बाबा?"

"ह्यो कौल कंपनीचा झाला," भगत म्हणाला. "देवाचा न्हाय."

बायको मामाकडे वळली. "शेठ, तुमच्या घरचा तांबडा हाय ना."

 तो तांबडा कोंबडा मामाने जावयासाठी राखून ठेवला होता. "देवाला काय कळतंय बॉयलर की गावठी?" तो म्हणाला.

"तुमच्या जावयाला कळतंय," ती म्हणाली. "मंग देवाला न कळाया काय झालं? बोट माझ्या माणसाचं जायचं हाय."

मामाने तांबडा आणवला. पाय सुटताच तांबड्याने तांदूळ टिपले.

तीन आठवड्यांनी बोट वाचलं. आता ते वाकत नाही. बायको श्रेय देवाला देते, मामा तांबड्याला आणि डॉक्टरीणबाई इंजेक्शनला. ज्याचं बोट, तो डाव्या हाताने पक्षी वेचतो आणि त्याच टाकीत तेच औषध कालवतो. हातमोजे मागवले आहेत, असं मामा सांगतो.

त्या रविवारी नाकारलेला पक्षी शेडमध्ये परत नेता येत नव्हता. बाहेर जाऊन आलेला पक्षी आत घ्यायचा नाही, हा कंपनीचा नियम. मामाने तो साफ करून माझ्या पिशवीत घातला. "वजनदार आहे, वाया कशाला घालवायचा?"

मी नको म्हणालो नाही. भिवंडीला घरी पोचल्यावर माझ्या बायकोने पिशवी उघडून विचारलं, "गावठी आहे का?"

"मामाकडची आहे," मी म्हणालो.

तिने कांदा चिरायला घेतला.