एक हात सासूचा, एक सुनेचा

कोणी नमस्कार केला की मावशी आधी त्याचा हात धरून उलटसुलट पाहायच्या आणि तिथल्या तिथे निकाल द्यायच्या. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "हा हात खडू धराचा हाय बाई. कणकीले लावू नोको." मी शाळेत शिकवायचे. सौंसरला आमची दारं समोरासमोर होती. राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हती.

पंच्याऐंशी सालाच्या आसपासचे दिवस. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत कुठेही लग्न ठरलं की रोट्यांसाठी मावशींना सांगावा यायचा. लांब रोटी तुम्ही पाहिली असेलच. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद पसरायचा. बोरगावहून आलेल्या सुनेला मात्र मावशींनी मडक्याजवळ कधी फिरकू दिलं नाही. "तुह्या हाताले वळण नाही. तू लाकडं सार."

मग एका लग्नात तापलेलं मडकं उचलताना फुटलं आणि खापरीनं मावशींचा उजवा तळवा चिरला. नागपूरला ऑपरेशन झालं. बोटं मिटवणारी शीर तुटली होती, ती शिवली. डॉक्टरांनी बजावलं, प्लास्टर निघेपर्यंत या हातानं काडीही उचलायची नाही; शीर पुन्हा तुटली तर जोडता येणार नाही.

आता अंबाडा, निऱ्या, चोळीची गाठ, सगळं सुनेच्या हातात. ती दार सताड उघडं ठेवून सासूला लुगडं नेसवायची. वेणी घालताना केस असे ओढायची की मावशी कळवळायच्या.

"दुखते ना वं!"

"काय करू आत्याबाई, हाताले वळणच नाही."

गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला होता. मावशी दातांनी पुरचुंडीची गाठ सोडायच्या, भाकर गुडघ्याखाली दाबून मोडायच्या, पण शेजारी कोणाला हाक मारायच्या नाहीत.

त्यांना भीती एकच होती. "एक मोसम मडक्यापासून उठली का मंग कोणी बोलवत नाही, बाई." पांढुर्ण्याचं लग्न आलं तेव्हा त्यांनी युक्ती काढली. सुनेला उजव्या अंगाला उभी केली. डावा हात सासूचा, उजवा सुनेचा, मधे गळ्यातल्या झोळीत अडकवलेलं प्लास्टर. अंगणात सराव चालायचा. "हलू... हलू... आता सोड." एके दिवशी अख्खी रोटी मडक्यावर उतरली आणि दोघी हसल्या. मला फार बरं वाटलं.

लग्नात बायका पाहायला जमल्या. सुनेची आईही वऱ्हाडात होती. कोणीतरी म्हणालं, "सुनेले मस्त तयार केलं वो मावशी!"

सुनेचं एवढं कौतुकही मावशींना सोसवलं नाही. "तयार कायची? हिच्या मायनं हिले हात देले ते लाकडं साराले."

आईनं मान खाली घातली. पुढची रोटी दोघींच्या हातांवर पुरती लांबली होती, तेव्हा सुनेनं आपला हात काढून घेतला. निसटला नाही, काढून घेतला. मी समोरच होते. रोटी जाळाकडे कलली आणि मावशींचा उजवा हात झोळीतून बाहेर आला. त्यांनी ती झेलली, मडक्यावर टाकली आणि खाली बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. उरलेल्या रोट्या सुनेनं एकटीनं केल्या. उत्तम केल्या.

ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. पुढच्या मोसमापासून सांगावा सुनेला येऊ लागला.

मावशींना मी शेवटचं लोधीखेड्याच्या एका पंक्तीत पाहिलं. त्या डाव्या हातानं जेवत होत्या म्हणून शेजारणींनी आपापली पत्रावळ जरा सरकवून घेतली होती. लांब रोटी एका हातानं तुटत नाही. सून चुलीजवळून उठून आली, समोर बसली, लेकराला करतात तसे रोटीचे बारीक तुकडे करून तिनं वरणात कालवले. मावशींनी खाली पाहत घास घेतला.

"कशी झाली, आत्याबाई?"

"चांगली झाली."

सून उठली नाही.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली.