आधी म्हैस हलवा

तो नळाचा दिवस होता. हैदराबादेत आमच्या काचीगुड्यात पाणी एक दिवसाआड येते आणि आले की दुसरे काही सुचत नाही. पिण्याचा हंडा भरून झाला होता, डाळ भिजत घातली होती, दुधाची पिशवी ओट्यावर तशीच पडली होती. टाकीत पाईप सोडून मी मागची मोरी घासत होते. तेवढ्यात पुढचे दार कोणीतरी बडवले. ओल्या हाताने उघडले, तर बाहेर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. नऊवारीत नव्हे, साध्या सुती साडीत, पण पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी.

"लोणचेवाल्या अण्णांचं घर हेच ना? तुमच्याकडे रिकामी पिंपं आहेत म्हणे. घट्ट झाकणाची. मला हवीत."

नमस्कार नाही, नाव नाही. आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. सगळा मोहल्ला त्यांना अण्णा म्हणायचा. त्यांचे लोणच्याचे दुकान बंद करून मी चावी घरमालकाला दिली होती, तराजू विकला होता; मागच्या अंगणात एकावर एक रचलेल्या निळ्या पिंपांना मात्र हात लावला नव्हता. झाकण उघडले की मेथी, मोहरी, हिंग असा वास यायचा.

"ती द्यायची नाहीत," मी म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. "तुमचा नळ वाहतोय." आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या नळाच्या दिवशी त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही.

मालतीबाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या मंडळाने कळवले आहे की लेखात आधी पहिला परिचय लिहावा, मग कार्य, मग गुण. पहिला परिचय हा असा झाला. मी चौथीपर्यंत शिकले. बाकीचे वाचन दुकानात रद्दीत आलेल्या पुस्तकांवर केले. त्यामुळे 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' वगैरे मला लिहिता येत नाही. मालतीबाईंनी मला किती त्रास दिला, तेवढे मात्र नीट सांगता येईल.

बाई जामबागच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. पुष्कळजणींनी त्यांच्या छड्या खाल्ल्या आहेत. शाळेत पाणी भरणारी एक बाई गोदावरीच्या मुखाकडची होती. आपण नांदेडला जिच्यात स्नान करतो तीच ही गोदावरी. समुद्राला मिळण्याआधी तिला फाटे फुटतात आणि मधे मातीची बेटे राहतात. तिकडे त्यांना लंका म्हणतात. बेटावर नारळ, केळी, म्हशी, माणसे. आणि वादळ आले की सगळ्यांत आधी तेच पाण्यात. एका वादळानंतर बाई त्या पाणीवालीबरोबर तिचे घर बघायला गेल्या. घर नव्हते. शहरांतून आलेल्या जुन्या साड्यांचा ढीग तेवढा होता, आणि त्यावर कुत्री झोपली होती.

"वादळानंतर सगळेच येतात," बाई म्हणतात. "आधी कोण येतं?"

हे वाक्य त्यांनी इतक्यांदा आणि इतक्या मोठ्या आवाजात म्हटले आहे की विद्यानगरातल्या त्यांच्या शेजाऱ्यांनाही ते पाठ आहे. निवृत्त झाल्यापासून त्या दर वर्षी दसऱ्याआधी लंकेवर जातात आणि अख्ख्या बेटाकडून बेट सोडून जाण्याची तालीम करून घेतात. आकाश निरभ्र, नदी शांत, कामाचे दिवस, आणि ह्या शिट्टी वाजवत दारोदार फिरतात: "चला, वादळ आलं!" लोक वैतागतात. मीही वैतागले असते.

आपण मराठी माणसांनी त्यांना साथ दिली असे ग्रंथात लिहिले जाईल. तेव्हा हेही लिहून ठेवते. आपल्या मंडळाने एकदा हौसेने जुन्या साड्यांची गाठोडी बांधून त्यांच्या घरी पाठवली. बाईंनी ती त्याच रिक्षाने परत पाठवली आणि निरोप दिला, "दोरखंड द्या. आणि शिट्ट्या." त्यावर कोणी कोणी किती महिने अबोला धरला, ते ज्यांचे त्यांना माहीत.

बाईंच्या कामातले मुख्य सूत्र त्यांना एका चुकीतून सापडले. ती चूक त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. पहिल्या तालमीत त्यांनी शाळेसारख्या रांगा लावल्या, माणसांना पंटूत बसवले (पंटू म्हणजे सपाट तळाची मोठी नाव) आणि पलीकडच्या बांधावरच्या पक्क्या निवाऱ्यात नेऊन ठेवले. सगळे अगदी शिस्तीत झाले. दुपार कलली, धारांची वेळ झाली, आणि एकेक बाई उठून चालू लागली. म्हशी बेटावर बांधलेल्या होत्या. थोड्या वेळाने निवाऱ्यात मालतीबाई आणि त्यांची शिट्टी एवढेच उरले. खरे वादळ असते तर त्या सगळ्या बायका भर वादळात परत नदीत उतरल्या असत्या.

तेव्हापासून त्यांचा नियम झाला: आधी म्हैस हलवा. माणूस तिच्यामागे आपोआप येतो.

निवाऱ्यात जनावरांना जागा नव्हती, म्हणून बाईंनी गावकऱ्यांना हाताशी धरून बांधाला लागून मातीचा उंच ओटा घालायला घेतला. आपल्या सभेत एका गृहस्थांनी विचारले, "मालतीबाई, मंडळ मराठी, बेट तेलुगू आणि मदत म्हशींना. यात आपण कुठे बसतो?"

"पंटूत बसा," बाई म्हणाल्या. "म्हशीशेजारी जागा आहे."

परवाही ग्रंथाच्या कामातल्या एका सद्‍गृहस्थांनी मला फोन करून सुचवले की गौरवलेख आहे, म्हशींचा उल्लेख जरा कमी करावा, किंवा 'पशुधन' म्हणावे. मी दुकानात आयुष्य काढलेली बाई आहे. म्हशीला म्हैसच म्हणणार.

शेवटी पिंपे मी दिली, पण एका अटीवर: ती कुठे जातात ते मी स्वतः बघणार. बाई म्हणाल्या, "उत्तम. जाड चपला घाला." काचीगुड्याहून गाडीने गेलो. रिक्षावाला पिंपे चढवताना म्हणत होता, "अम्मा, अंदर तो कुछ बी नई, फिर बी अचार की बास मारती!" पंटूवरून बेटावर उतरताना मी चिखलात सपशेल आडवी झाले. बाईंनी मागे वळूनही पाहिले नाही. उचलायला आली ती सूरम्मा. पोट धरून हसत होती.

सूरम्मा माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एकटी. नवऱ्याने जाण्याआधी तिला एक म्हैस घेऊन दिली होती, तिचे नाव रंभा. तालमीला सगळ्या बेटाने यावे आणि सूरम्माने ओसरीवर बसून राहावे, असे दर वर्षी चाले. बाईंना तिकडे पंतुलम्मा म्हणतात, म्हणजे शिक्षिका.

"पंतुलम्मा, तुझी शिट्टी ऐकून माझी रंभा पान्हा चोरते. नेनु रानु!" सूरम्मा ओरडायची. मी येणार नाही.

"नको येऊस! तुला कोण बोलावतंय? मी म्हशीला न्यायला आले आहे!" बाईही तेवढ्याच जोरात. त्यांचे तेलुगू व्याकरणशुद्ध आहे आणि भांडणात त्याचा फार उपयोग होतो.

रंभेचे दावे सोडले की सूरम्मा काठी घेऊन शिव्या देत मागे. बाई पुढे, म्हैस मधे, सूरम्मा मागे, अशी वरात पंटूपर्यंत जायची. लोक हे बघायला म्हणून तालमीला यायचे.

त्याच फेरीत मी पिंपे घरोघर पोचवली. त्यात तांदूळ, काडेपेटी, औषधे, रेशनकार्ड असे ठेवायचे आणि निघताना नारळाच्या बुंध्याला घट्ट बांधायचे. एका घरातली मुलगी आईला ओरडून म्हणाली, "अम्मा, अण्णा डब्बा आला!" मी थबकले. पुढच्या घरी तेच. बाईंनी माझ्याही आधी येऊन सगळ्या बेटाला सांगून ठेवले होते की ही पिंपे हैदराबादच्या अण्णांची आहेत, त्यांना नावाने ओळखायचे. मला त्यांनी यातले अक्षर सांगितले नव्हते. आमचे हे गेल्यावर लोक माझ्याकडे येऊन हळू आवाजात बोलायचे, आणि नंतर येईनासे झाले. बाईंनी मला त्यांच्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. पण त्या बेटावर आमच्या ह्यांचे नाव रोज कोणी ना कोणी घेते. हा बाईंचा गुण की दोष ते मंडळाने ठरवावे. मला अजून त्यांचा राग येतो आणि अजून त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले आहेत.

एक पिंप मात्र मी ठेवून घेतले होते. ह्यांनी हाताने घातलेले शेवटचे लोणचे त्यात मुरले होते. बाईंनी ते अंगणात पाहिले होते, पण मागितले नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला खरेच वादळ निघाले. बाईंच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झालेले, म्हणून मी त्यांच्या घरी राहायला गेले होते. पायाला पट्टे, आणि तरी म्हणत होत्या, "वहिनी, काठी द्या, गाडी मिळेल." मी काठी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मग त्यांनी पलंगावरूनच फोन सुरू केले. एकेक घर हलल्याचे कळत होते. सूरम्मा तेवढी हलेना.

मी माझ्या मोडक्या तेलुगूत तिला विनवत होते. ती म्हणाली, "रंभा व्यायला झाली आहे. आज नाही तर उद्या. ती पंटूवर चढणार नाही आणि तिला टाकून मी येणार नाही. रानु." मी रडकुंडीला आले. वारा सुटला होता, तो फोनमधून ऐकू येत होता.

बाईंनी माझ्या हातातून फोन ओढला आणि बंद केला.

"तिला समजावू नका. वाद घालण्यात ती तुमच्यापेक्षा वरचढ आहे. येसोबूला लावा." येसोबू म्हणजे पंटूवाला. त्याला त्या एवढेच म्हणाल्या, "रंभाला घेऊन ये. सूरम्माला काही विचारू नकोस."

त्याने गोणपाट म्हशीच्या डोळ्यांवर टाकले आणि दावे सोडले. सूरम्मा काठी घेऊन मागे धावली, थेट पंटूत. हे आम्हाला नंतर कळले. तेव्हा फोन लागणे बंद झाले होते. मी भात कालवून दिला, तो बाईंनी खाल्ला नाही. मला ओरडल्या नाहीत, डॉक्टरांना नावे ठेवली नाहीत, खिडकीकडे बघत बसल्या. मालतीबाईंना गप्प बसलेले मी तेवढेच एकदा पाहिले आहे, आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सूरम्माच होती, आणि भांडत होती. घराच्या भिंती बसल्या होत्या, छप्पर नदीत गेले होते. ओट्यावर रंभेला पारडी झाली होती. बांधलेले पिंप नारळासकट आडवे पडले होते, पण आतला तांदूळ कोरडा होता.

"आणि माझ्या नवऱ्याच्या फोटोला लोणच्याचा वास येतो!" ती ओरडली. "काय घालायचा तुझा अण्णा त्यात?"

"मेथी, मोहरी, हिंग," मी म्हणाले.

बाई पट्टे बांधलेला पाय हलवत हसायला लागल्या. मी चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले. तो चहा व्हायला बराच वेळ लागला.

आता या वर्षाचे. पंचाहत्तरीच्या सत्काराची तारीख मंडळाने बाईंना विचारून ठरवली. बाईंनी नेमकी तीच तारीख तालमीला दिली. विचारले तर म्हणाल्या, "सत्काराला माझं काय काम? शाल खुर्चीवर ठेवा." मग डॉक्टरांनी पंटूवर चढायला साफ मनाई केली. बाई आमच्या घरी आल्या, तोही नळाचाच दिवस होता.

"मी व्यासपीठावर बसते. तालमीला तुम्ही जा."

"मी? माझं तेलुगू ऐकून तिथल्या कोंबड्या हसतात."

"हसू देत. सूरम्मा म्हणते, पंतुलम्मा येणार नसेल तर ती रंभाचं दावं कोणाला सोडू देणार नाही. तुम्हाला देईल. तुम्ही तिच्या चिखलात पडला आहात."

"बाई, मला हे जमणार नाही. मी रानु."

बाईंनी मागच्या अंगणाकडे पाहिले. "सूरम्माच्या पिंपाचं झाकण फुटलंय. नवं हवंय तिला." एवढे बोलून उठल्या. "तुमचा नळ वाहतोय."

काठी टेकत जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीला डॉक्टरांना एक एक शिवी देत होत्या. मी वरून ऐकत राहिले.

मालतीबाईंचा गुडघा बरा व्हावा. त्यांनी एकदा तरी डॉक्टरांचे ऐकावे. त्यांचा आवाज आहे तेवढाच मोठा राहावा, झोप शांत लागावी, आणि शंभर वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी वेळी-अवेळी आमची दारे बडवावीत. सत्काराच्या दिवशी मी सभागृहात नसेन. बाईंच्या शालीशेजारी हा लेख ठेवावा.

बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते शेवटचे पिंप रिक्षात घातले आणि काचीगुडा स्टेशनवर जाऊन तिकीट काढले.