पहिल्या पंगतीचं पान

संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा माझं लग्न ठरलं. बाबा गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. होते म्हणजे, संपाआधी होते. आईचं म्हणणं, देवळात हार घालू, चहा पाजू आणि मोकळे होऊ. बाबा ऐकेनात.

"माणसां थोडी बोलवया, पण जा करूचा ता नीट करूचा," ते म्हणाले.

आणि लालबागच्या आमच्या खोलीत मांडी घालून त्यांनी असा बेत सांगायला घेतला, जणू रोज एक लग्न लावून येतात. ठाकूरद्वारला एक जुना, लहानसा हॉल आहे, तो कामाच्या दिवशी स्वस्तात मिळतो. बँड नको, टेपवर सनई लावू. कमान नको, त्यापेक्षा प्रत्येक पानाभोवती रांगोळीची बारीक रेघ काढू, खर्च काहीच नाही आणि दिसतं घरंदाज. गोड एकच, पण गरम. मठ्ठा मात्र भरपूर हवा.

"तुम्हाला हो कसं माहीत हे सगळं?" मी विचारलं.

"कान उघडे ठेवले की कळता," म्हणाले आणि विषय बदलला.

त्या दिवसांत ते आठवड्यातून तीन-चारदा सभेला म्हणून घराबाहेर पडत. परत आले की सदऱ्याला मसालेभाताचा वास येई. आई भडकायची. "सभेत जेवाक घालतत काय? हय पोरां पेज पितत!" ते सदरा काढून खुंटीला अडकवत. अधूनमधून तिच्या हातावर थोडे पैसे ठेवत आणि कुठले म्हणून विचारलं की चिडत. जेवायला हाक मारली तर "माझा झाला" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडत. पण बाहेर जेवणारा माणूस असा वाळतो का? गळ्याची हाडं मोजता येत होती. मला त्यांचा राग यायचा, आणि रागापेक्षा भीतीच जास्त वाटायची.

म्हणून मी अट घातली. शालू नको, दागिना नको. पण माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला, व्याह्यांच्या शेजारी बसून, तुम्ही माझ्यासमोर पोटभर जेवायचं.

बाबा हसले. "जेवतलंय गो बाय." जन्मापासून ते मला बायच म्हणत, नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

लग्न खरंच देखणं झालं. मोजकी माणसं, मोगऱ्याचा वास, ओळीत मांडलेली केळीची पानं आणि त्यांच्याभोवती मावशीने काढलेली रांगोळी. अक्षता पडल्या, पंगत बसली. माझ्या बरोबर समोर बाबांचं पान होतं, शेजारी माझे सासरे. इस्त्रीच्या सदऱ्यात बाबा अवघडून बसले होते. वरणभातावर तूप पडलं. त्यांनी पहिला घास कालवला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. बघ, जेवतोय.

तेवढ्यात सासरकडचे एक म्हातारे काका घाईघाईने आले. लग्न लागून गेल्यावर पोहोचले होते, त्यामुळे मुलीचा बाप कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. पानावर बसता बसता त्यांची नजर बाबांवर गेली.

"अरे, तुम्ही! परवा दादरला आमच्या भाचीच्या लग्नात वाढायला तुम्हीच होतात ना? काय आग्रह केलात हो! आज बसलात कसे? जरा मठ्ठा बघा इकडे."

अगदी कौतुकाने बोलले बिचारे. त्यांना काही सांगायला सासऱ्यांनी तोंड उघडलं, तोवर बाबा उठलेसुद्धा. "अहो व्याही, बसा," म्हणत सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. बाबांनी तो हळूच सोडवला, नळावर हात धुतला आणि मठ्ठ्याची बादली उचलली.

मसालेभाताचा वास, ठाकूरद्वारचा हॉल, पानाभोवतीची रेघ, सगळं मला एकदम कळलं. खांबाशी उभ्या असलेल्या आईने पदर तोंडाला लावला. संपाचे ते सगळे महिने माझा बाप लोकांच्या पंगती वाढत होता आणि उपाशी घरी येत होता. मला तिथेच ओरडून रडावंसं वाटलं. पण डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या होत्या.

बाबा कमरेत वाकून, कुणाच्या तोंडाकडे न बघता, नुसती पानं बघत ओळीने येत होते. एकही थेंब सांडत नव्हता. माझ्या पानाशी आले तरी मान खालीच.

"मठ्ठा घेणार, ताई?"

मी द्रोण पुढे केला. त्यांनी तो काठोकाठ भरला आणि शेजारच्या पानाकडे सरकले.