जग बुडाल्यानंतरची सहा पानं

मंगरूळपीरच्या मोटार अड्ड्यावर मला सोडायला माय एकटीच आली होती. बाबा आले नाहीत. शेजारच्यांच्या बंडीत तुरीच्या पोत्यांवर बसून ती चार कोस आली, आणि मोटार सुटायची वेळ झाली तरी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवरचा हात काही काढेना. हमाल ट्रंक टपावर टाकायला खोळंबलेला. शेवटी ती हळूच म्हणाली, "फाडून टाक ना वं बाई थे पानं. सहा कागद त आहेत. सहा कागदापाई कोनी मायबाप सोडते का?" मी म्हटलं, "नाई फाडत." तिनं हात काढला, भाकरीचं गाठोडं माझ्या ओंजळीत टाकलं आणि मागं न पाहता बाजाराकडे चालू लागली. मोटार कारंज्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दम धरला. मग धनज येईपर्यंत जी रडले ती रडलेच, आणि शेजारची बाई सारखी विचारत होती, "काहून रडून राह्यली वं? सासरी चालली का?"

त्याला आता तीन वर्षं झाली. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी नर्सिंग शिकते. गावाकडच्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारखे ट्रंका उचलून कारखान्यात, रेल्वेत, कचेरीत लागलेले जे आहेत, दिवाळीला पेढे घेऊन गावी जातात, पारावर मांडी घालून "आपलं गाव ते आपलं गाव" म्हणतात, त्यांच्यासाठी तर जास्तच. मला तसं म्हणता येत नाही. इथं मेट्रननं माझं "मले" सोडवून "मला" करवलं. ड्यूटी, चार्ट, टेंपरेचर हे शब्द तोंडी बसवले. पण राग आला की सगळं शुद्ध बोलणं पळून जाते अन् मी पुन्हा वऱ्हाडातली होते. या लिखाणात तसं होईल. होऊ द्या.

मॅट्रिकच्या वर्षी मी मंगरूळला मामाकडे राहून शिकत होते. हायस्कुलात मुली आम्ही तीनच. मराठीचे गुरुजी दर साली पोरांकडून हस्तलिखित काढून घेत. जाड कागद, काळी शाई, ज्याचं अक्षर चांगलं त्यानं उतरवायचं, चित्रकलेच्या मास्तरांनी वेलबुट्टी काढायची, आणि ती एकच प्रत शाळेच्या कपाटात राहायची. त्या साली विषय दिला होता, 'शंभर वर्षांनंतर'. पेपरात अणुबाँबच्या बातम्या येत, गुरुजी त्या वर्गात वाचून दाखवत. तरी पोरांनी लिहिलं ते काय विचारता! उडत्या बंड्या, गोठ्यातसुद्धा विजेचे दिवे, चंद्रावर कापसाची सरकी काढायचा जिन. सगळं गोड गोड. मी लिहिलं की जग बुडालं आहे, मोठी माणसं जवळजवळ संपली आहेत, आणि उरलेल्या गावांनी आपापली शीव बांधून घेतली आहे. गुरुजींनी सहाही पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुठून सुचलं तुला?" मी म्हटलं, "सुचलं नाही गुरुजी, पाह्यलं."

काय पाहिलं ते सांगते. आमच्याकडे पटकी आली, माणसं हगवण-वांतीनं पटापट मरू लागली, की मरीमायचा गाडा काढायची रीत. हातभर उंचीचा लाकडी गाडा; त्यात शेंदूर फासलेली मरीमायची मूर्ती, लिंबं, हिरव्या बांगड्या, नारळ. डफडं वाजवत तो शिवेपर्यंत ओढायचा, शेजारच्या गावाच्या हद्दीत ठेवायचा आणि निघून यायचं. रोग गेला! कुठं गेला? शेजारी. त्यांनी तो पुढच्या गावाच्या हद्दीत सारायचा. मग आपली शीव बांधायची. म्हणजे गावात येणाऱ्या वाटेवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेली दोरी आडवी बांधायची. पाच दिवस आतलं कोणी बाहेर नाही, बाहेरचं कोणी आत नाही. दोरीपाशी घरटी एक माणूस पाळीनं राखण बसायचा.

त्या साली दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते, आणि पटकी आली. गाडा ठेवायचा ठरला तो नाल्याच्या खालच्या अंगाच्या गावाच्या हद्दीत. त्या गावात माझी थोरली बहीण वच्छाबाई दिलेली. पारावर कोणीतरी ते बोलूनही दाखवलं. तर पाटील म्हणतात, "शिवेवर ठेवाचा आहे, तिच्या चुलीपाशी थोडाच नेऊन ठेवाचा आहे?" लोक हसले. माझे बाबा तिथंच बसले होते. त्या साली दोरी बांधायचा मान त्यांना मिळाला, तो त्यांनी घेतला.

तिसऱ्या दिवशी राखणीची पाळी बाबांचीच होती. दुपारी मी त्यांची भाकर घेऊन गेले. एवढ्यात पलीकडून बंडी आली. जावई हाकत होते, आणि आत अंथरलेल्या कुटाराच्या भुशावर वच्छाबाई पडलेली. डोळे खोल गेलेले, ओठ काळे. डॉक्टर मंगरूळला, आणि मंगरूळची गाडीवाट आमच्या गावातूनच जाते. जावई खाली उतरून म्हणाले, "मामाजी, दोरी काढा. हिच्यात काई राह्यलं नाई." बाबा उठले. त्यांनी जावयापुढं हात जोडले. म्हणाले, "पाच दिस पाळा लागते, जावईबापू. दोनच राह्यले. परवा या." परवा! पटकीच्या माणसाले परवा या म्हनते कोनी? वच्छाबाईनं मान उचलली आणि म्हणाली, "बाबा, पानी." मी तांब्या घेऊन निघाले तर बाबांनी माझं मनगट धरलं. आणि इथं मी खोटं लिहिणार नाही: त्यांनी घट्ट धरलं नव्हतं. मला सोडवता आलं असतं. मी सोडवलं नाही. बंडी वळली, नाला ओलांडून लांबच्या वाटेला लागली, आणि अर्ध्या वाटेत वच्छाबाई गेली. एकोणीस वर्षांची होती माझी बहीण.

गोष्टीत मी गाडा फिरवत ठेवला. पृथ्वी गोल आहे हे भूगोलात शिकले होते. प्रत्येक गाव पुढच्याकडे सारतं, आणि सगळं जग फिरून गाडा एक दिवस मागच्या बाजूनं परत येतो. तोवर मोठं माणूस कोणी राहिलेलं नसतं, नुसती पोरं. आणि ती पोरंही तेच करतात जे मोठ्यांना करताना पाहिलं: दोरी बांधतात, पाळ्या लावतात, तहानलेल्याला परत पाठवतात. मग एक पंधरा वर्षांची मुलगी घरून विळा आणते आणि दोरी कापते. बाकीची पोरं दगड घेऊन तिच्याकडे धावतात. तिथं गोष्ट संपते. जे मी केलं नाही ते मी तिच्याकडून करून घेतलं. लाज वाटते का? वाटते. म्हणून तर ती पानं फाडायची नाहीत.

शाळेच्या गॅदरिंगला हस्तलिखित टेबलावर पाहायला ठेवत. आमचे पाटील त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. उभ्यानंच त्यांनी माझी गोष्ट वाचली, आणि संध्याकाळपर्यंत ती गावात पोचली. गोष्टीत गावाचं नाव नव्हतं, कोणाचं नाव नव्हतं, शंभर वर्षांनंतरचं जग होतं. तरी प्रत्येकाला आपलं तोंड बरोबर दिसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पंच बसले, म्हणाले, पोरीनं गावाचं नाक कापलं. अरे, एक लेक पाण्यावाचून मेली तवा तुमचं नाक शाबूत होतं, अन् सहा पानाईनं कापलं गेलं? निकाल असा झाला की कुसुमनं, म्हणजे मी, ती पानं शाळेतून आणून पारावर सगळ्यांसमोर आपल्या हातानं फाडावी. नाही तर गावात पाय ठेवू नये. गुरुजी मला म्हणाले, "पानं तुझी आहेत. मी फाडणार नाही, फाडू नकोस असंही सांगणार नाही. तुझं घर आहे."

मग एका रविवारी बाबा चालत मंगरूळला आले. मामाच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वाच." त्यांना अक्षर येत नाही. गुरुजींकडून हस्तलिखित मागून आणलं आणि सगळी गोष्ट वाचून दाखवली. ते जोड्यांकडे पाहत ऐकत होते. वाचून झालं. मग म्हणाले, "म्या रडलो होतो. थे नाई लिहिलं तुनं."

"रडून काय झालं बाबा? दोरी त सोडली नाई."

"गावाची दोरी होती थे."

"बांधली तुमी होती."

ते उठले, फेटा नीट केला आणि निघाले. मामीनं पुढं केलेला चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर मी नागपूरला निघेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि माझाही ताठा असा की मीही बोलले नाही.

गावाची आठवण येत नाही असं नाही. येते, आणि येते म्हणून अजून राग येतो. हुरड्याच्या दिवसांत वावरात आगटी पेटवायची, वच्छाबाई कणसं चोळून माझ्या हातावर गरम दाणे टाकायची आणि स्वतः मात्र बोटं फुंकत बसायची. इथं मेसमध्ये बुधवारी कस्टर्ड मिळतं. पांढरी चादर, लोखंडी कॉट, खोलीत दिवा, नळ सोडला की पाणी. पहिले सहा महिने मी नळ उघडून नुसती पाहत बसायची.

वॉर्डात पटकीचा पेशंट आला की वॉर्डबॉय तोंडं वाकडी करतात, नाक दाबतात, शिव्याही देतात. पण आत घेतात. शिरेतून मिठाचं पाणी चढवतात आणि खोल गेलेले डोळे दुपारपर्यंत वर येतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा स्टोअरमध्ये जाऊन दार लावून घेतलं. मीठ अन् पानी! त्यासाठी माही बहीण गेली! पुढं लेक्चरमध्ये कळलं की पटकी पाण्यातून पसरते. आमच्या आजाऱ्यांचे कपडे आम्ही नाल्यात धुतले होते, आणि तोच नाला वच्छाबाईच्या गावाच्या पाणवठ्याला जातो. म्हणजे रोग आम्ही खरोखरच शेजारी पाठवला होता, गाड्याची गरजच नव्हती. हे मी पंचांना पत्रानं कळवलं. उत्तर आलं नाही. मधल्या काळात आपला मुलूख मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला गेला. एवढी मोठी शीव कोणीतरी कागदावर हलवली, ती तुम्ही मुकाट्यानं मान्य केली. गावची एक दोरी मात्र तुमच्याच्यानं हलली नाही.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं. माय सांगते, ते उतरवतात. मायनं लिहवलं होतं, "दिवाळीले ये. गाव आता नरम झालं. पानं नोको फाडू. फक्त पारावर येऊन एवढं म्हन का थे गोष्ट होती, मनानं रचेल होती. तेवढ्यात भागते." वाचून अंगाचा असा भडका उडाला की पत्र चुरगाळून मी फेकलंच. रचेल होती म्हणे! रचलेला होता तो फक्त विळा. बाकी सगळं तुम्ही केलेलं आहे. रूममेटनं कागद उचलून सरळ केला आणि म्हणाली, "अगं, मागच्या बाजूलाही लिहिलंय."

मागच्या बाजूला बाबांनी लिहवलं होतं. आयुष्यात त्यांनी मला पाठवलेल्या ओळी त्या एवढ्याच. "पोळ्याच्या दिशी सारे जमले तवा म्या पारावर सांगतलं. पोरीनं रचेल नाई. दोरी म्या बांधली, लेक म्या वापस पाठवली. तवापासून मले पारावर कोनी बसू देत नाई, चिलीम देत नाई. मी घरामांगच्या निंबाखाली बसतो. तुई माय काई म्हनो. रचेल होती असं तू नोको म्हनू."

मी ते उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं. राग गेला म्हणाल तर नाही गेला. एक म्हातारा तीन वर्षांनी खरं बोलला म्हणून वच्छाबाई उठून येत नाही, आणि त्याला वाळीत टाकणारं गाव सुधारलं असंही होत नाही. बाबांवरचाही राग आहे. तो त्यांच्यासमोर बसून सांगायचा आहे, पत्रातून नाही. पण तो कोणाच्या दारात जाऊन सांगायचा हे मला आता पक्कं माहीत आहे, आणि तीन वर्षांत ते माहीत नव्हतं. गाव म्हणजे घर, असं लहानपणी वाटायचं. पार, पाटील, पंच, शीव, ते सगळं मिळून घर. ते माझं नाही. कधी होईल असंही वाटत नाही. माझं घर तेवढंच, निंबाखाली एकटं बसलेलं.

काल रजेचा अर्ज दिला. दिवाळीची गर्दी व्हायच्या आधीच निघते. पाटील, पंच, आणि बाकी सगळे, तुम्ही ठरवून ठेवलेलं वाक्य मी म्हणणार नाही. गावात पाय ठेवणार आहे, पारावरूनच चालत जाणार आहे, भर दुपारी. अडवायचं असेल त्यानं अडवावं.

बाबा, मायले सांगा, ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी करून ठेव. तुमी आधी जेवू नका. मी आली का संगं जेवू.