मेट्रनबाईंची पाळी

मेट्रनबाईंना माणसं आवडत नसत आणि ते त्या लपवतही नसत. सरकारी इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या या उंच, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई मार्केट यार्डामागच्या आमच्या बुद्धविहाराचा कारभार पाहत. त्यांना कोणी निवडून दिल्याचं ऐकिवात नाही. निवडणूक व्हायची तर त्यांच्याविरुद्ध उभं राहणारं कोणी तरी हवं.

मी अमरावतीहून नोकरीसाठी पुण्यात आलो होतो. हिंजवडीतलं काम, भाड्याची खोली, आणि सारखी उगाच धडधडणारी छाती. एका रविवारी विहारात गेलो. बाईंनी येण्याचं कारण विचारलं. मी म्हणालो, "मनाला जरा शांती हवी होती."

"शांती हवी तर घरी पंखा लावून झोपावं. इथे सतरंज्या झटकायला माणूस कमी आहे," त्या म्हणाल्या आणि सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. मग म्हणाल्या, "इंजिनिअर ना? तरीच झटकता येत नाही."

भाषणांवर तर त्यांचा विशेष राग होता. वर्षावासात, पावसाळ्यातल्या प्रवचनांच्या दिवसांत, एकदा कोणी पाहुणे येऊन आशावादावर फार लांबलचक बोलले. आभार मानायला बाई उठल्या. "पाहुण्यांनी सांगितलं, आशा कधी सोडू नये. भाषण संपेल ही आशा मीही शेवटपर्यंत सोडली नाही. धन्यवाद." पाहुणे हसले. आपल्याला काय म्हटलं हे त्यांना बहुधा घरी गेल्यावर कळलं असेल.

त्याच वर्षी साबळे पडला. साबळे मार्केट यार्डात हमाली करायचा. ट्रकवरून कांद्याची गोणी घेताना तोल गेला, पाठीवर आपटला आणि कमरेखालचं सगळं अंग गेलं. बायको सुमन यार्डातच कांदा निवडायला जायची. ती घरी बसली तर चूल बंद, आणि कामावर गेली तर नवरा दिवसभर एका अंगावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील आणि त्या जिवावर बेततील.

पुढच्या वंदनेनंतर विहारात हळहळीला पूर आला. जो तो सुमनला म्हणे, "हिंमत ठेवा." बाई सतरंज्या गोळा करत होत्या. मग म्हणाल्या, "हिंमत ती ठेवेल. त्याला कुशीवर कोण वळवणार, ते बोला."

सभागृह एकदम ध्यानस्थ झालं. मंत्रालयातून निवृत्त झालेले एक साहेब खाकरून म्हणाले, "मी रोज घरी डोळे मिटून त्याच्यासाठी मैत्रीभावना करीन, त्याचं मंगल चिंतीन."

"अवश्य करा. फक्त साबळेच्या घरी बसून करा, आणि करता करता लघवीचं भांडं धरा."

तिथल्या तिथे पाळ्या लागल्या. आम्ही करुणेवरची प्रवचनं ऐकत मोठे झालेलो, पण ओल्या चादरीचा वास आला की आमची करुणा जिन्यात जाऊन उभी राही. बाई तिला दंडाला धरून आत आणत. खांदा आणि कंबर एकदम कशी फिरवायची, गुडघ्यांमध्ये उशी कुठे ठेवायची, हे त्यांनी प्रत्येकाला शिकवलं आणि प्रत्येकाचा अपमान केला. साहेबांना म्हणाल्या, "फाईल सरकवताय का? माणूस आहे तो." साहेब चिडले, चार दिवस आले नाहीत, पाचव्या दिवशी आले आणि पुढे वर्षभर येत राहिले.

पावसाळा संपता संपता साबळेनं जेवण सोडलं. सुमन रडत बाईंना बोलवायला गेली. पाळी माझी होती, म्हणून मी तिथेच होतो. साबळे भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाई, मला आता जगायचं नाही."

बाईंनी स्टूल ओढलं. "बरं. हा मुलगा तुझ्यासाठी दोन बस बदलून येतो. याला काही येत नाही, अजून चादर गोळा करून ठेवतो. पण येतो. त्याला तेवढं सांग, की उद्यापासून येऊ नकोस. म्हणजे तो मोकळा, तू मोकळा."

साबळेनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझी छाती धडधडत होती, आणि या वेळी तिला कारण होतं. त्यानं तोंड उघडलं, पण त्याला ते सांगवेना.

"नाही ना जमत? मग जेव," बाई म्हणाल्या आणि सुमनला ताट आणायला सांगितलं. तो जेवला. बाई तो सगळा वेळ भातात मीठ कमी आहे म्हणून सुमनला बोलत होत्या.

पाय परत आले नाहीत. पण साबळे उठून बसायला लागला, चाकांच्या खुर्चीत आला, आणि आता एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बसून फोनवर गाड्या लावतो. यार्डात त्याचा आवाज लांबून ऐकू येतो. या यशाचं श्रेय द्यायला आम्ही बाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, "श्रेय राहू द्या. साबळेच्या खोलीतला कोपरा झाडायला कोणी शिकलं नाही."

पुढे त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी किल्ल्या, मग नावं, मग वार. नागपूरहून भाचा न्यायला आला, तेव्हा अख्खा विहार त्यांच्या इमारतीखाली जमला. साबळेला साहेबांनी खुर्चीसकट आणलं होतं. बाई गाडीत बसल्या, काच खाली केली, आमच्यावरून एक नजर फिरवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सगळे इथे उंडारताय. साबळेजवळ कोण बसलंय?"

साबळेनं स्वतःच खुर्ची पुढे घेतली. बाईंनी त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"आहे माणूस त्याच्याजवळ," तो म्हणाला. "नीट बघतात सगळे. तुम्ही निर्धास्त जा."

"निर्धास्त?" बाई म्हणाल्या. "या लोकांच्या भरवशावर?" आणि त्या दार उघडून खाली उतरायला लागल्या.