पाखरं वाटून घ्या

"जवारीवर जवारीच टाकजो, बाप्पा. गव्हावर नको." आधी काकूंचं हे वाक्य गिरणीत शिरायचं, मग डोक्यावरचं दळण, आणि मग काकू. गव्हामागून ज्वारी दळली की आधीचं पीठ तिच्यात मिसळतं, भाकरीची चव जाते. म्हणून दुसऱ्या कुणाचं ज्वारीचं दळण येईपर्यंत त्या कोपऱ्यात पोत्यावर बसून राहायच्या.

तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. गाव काय खातं हे गिरणीवाल्याला विचारा. वावरात सोयाबीन आलं, घरात रेशनचा गहू आला, आणि काकूंचं ते बसणं लांबत गेलं. एक दिवस दुपार झाली तरी कुणीच आलं नाही. मी म्हटलं, "काकू, गावात आता तुमी एकल्याच जवारीवाल्या." त्या उठल्या, आपल्याच दळणातली ओंजळभर ज्वारी चक्कीत टाकली, ते पीठ गाईसाठी बाजूला काढलं आणि म्हणाल्या, "आता टाक."

काकूंचा पोरगा अकोल्याला नोकरीत. तो सारखा बोलवायचा. "तिथं काय खाऊ? सोफा?" काकू म्हणायच्या.

मीही चिडवायचो. "सोयाबीन पेरा न् काकू. गहू तं फुकट भेटते."

"अन् नाई आला तं?"

"कावून नाई येणार?"

"त्याचा ट्रक पुलावरूनच येते ना, लेका?"

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पूल वाहून गेला. ट्रक बंद, मजुरीही बंद. रोज आणून रोज खाणाऱ्यांच्या घरात कितीसं पीठ असणार? चुली थंड पडल्या. काकूंनी कोठी उघडली. जो येईल त्याच्या सुपात ज्वारी. माझ्या गिरणीत बऱ्याच वर्षांनी ज्वारीवर ज्वारी पडत होती. पोळीवर वाढलेल्या पोट्ट्यांनी आधी तोंडं वाकडी केली, मग भाकरीसाठी भांडू लागली.

तेव्हा सगळं गाव काकूंच्या अंगणात हात जोडून उभं होतं. "काकू, यंदा आमीबी एकेक पट्टा जवारी पेरतो!" सगळ्यांत मोठा आवाज त्यांच्या वावरशेजाऱ्याचा.

काकूंना कौतुक नको होतं, हेच हवं होतं. साऱ्या शिवारात एकाच वावरात ज्वारी असली की शिवारातलं प्रत्येक पाखरू तिथंच उतरतं. दहा जणांनी पेरली तर सगळ्यांचंच थोडं थोडं जाईल, पण पीक वाचेल. "पाखरं वाटून घ्या रे," त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्या दिवशी त्यांनी हौसेनं घरोघरी बियाणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बियाणं दळायला माझ्याकडे आलं. मला असा संताप आला! तसाच काकूंकडे गेलो. "काकू, तुमचं बियाणं माह्या चक्कीत येऊन राह्यलं."

"भूक लागली असन," काकू म्हणाल्या. "लेकरं काय बियाणं वळखतात?"

पुलाच्या जागी भराव टाकून रस्ता सुरू झाला, तेल्हाऱ्याहून सोयाबीनचं बियाणं आलं, गावानं तेच पेरलं. शेजारी म्हणाला, "जवारीले भाव नाई, काकू. वरून डुकरं." खोटं नव्हतं तेही. काकूंनी कोठीतलं उरलंसुरलं आपल्या वावरात टाकलं. घरात आता दुसरी ज्वारी नव्हती. हे पीक हाती आलं तरच पुढच्या साली खायला आणि पेरायला.

कणसं भरली आणि पाखरं आली. ऑक्टोबरच्या उन्हात काकू मचाणावर डबा बडवत उभ्या राहायच्या. गिरणी लवकर बंद करून मीही जायचो, गोफण फिरवायचो. इकडून हाकललं की थवा त्या टोकाला बसायचा. काकूंचा घसा बसला. एका दुपारी चक्कर येऊन त्या मचाणावरून पडल्या. कमरेचं हाड मोडलं. अकोल्याला नेलं, पण हट्टानं परत आल्या आणि खाटेवरून रोज एकच विचारायच्या, "पाखरं किती हायेत?"

मी काय सांगू? एक कणीस नेऊन हातात दिलं. त्यांनी बोटं फिरवली. सगळा भुसा. बुडाशी चार दाणे सापडले, ते तोंडात टाकून हळूहळू चावले.

"भरली होती रे," म्हणाल्या, आणि रडल्या. काकूंना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्याच्यानं तिथं बसवेना.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. पोरानं घराला कुलूप लावलं, वावर मक्त्यानं दिलं. तिथं आता सोयाबीन आहे.

यंदा पहिल्याच पुरात पुलाचा भराव खचला. ट्रक पलीकडे, गाव अलीकडे. काल काकूंच्या घरावरून जाताना पाहिलं, तोच वावरशेजारी दारात उभा, काखेत रिकामी थैली.

"इथं काय करून राह्यला?"

"पोराले फोन लाव ना, चावीचं विचार. कोठीत काही उरलं असन."

"काही नाई उरलं. मी पाह्यली ना कोठी."

"तरी पायतो," तो म्हणाला आणि दाराच्या फटीला डोळा लावून वाकला. मला त्याला खूप बोलायचं होतं. पण बोळातून आणखी बाया येत होत्या, हातात सुपं घेऊन.