एक वीत, चार बोटांवरची नजर

रफूचे काम करणाऱ्या त्या बाईंना सगळा रस्ता मावशी म्हणत असे. त्यांचे दुकान म्हणजे औषधवाला आणि चपलांचे दुकान यांच्यामधली एका खुर्चीपुरती जागा. पुढ्यात टेबल, डाव्या हाताला धाग्यांचा डबा, उजवीकडे दार. फाटलेल्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे सोडवायचे आणि त्यांनी भोक विणून बुजवायचे, ही त्यांची रीत. काम झाले की कपडा गिऱ्हाइकापुढे पसरून त्या एवढेच म्हणत, "शोधा आता." गिऱ्हाईक शोधे, हरे आणि मगच कपड्याची घडी होई. श्रमाची जितकी खूण उरेल तितके काम उणे, असा हा धंदा. अशा धंद्यात माणसाची कीर्ती होणे कठीणच. पण मावशींची झाली होती.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांचा जवळचा चष्मा आपोआप सुटला. सुईत दोरा उघड्या डोळ्यांनी ओवता येऊ लागला. त्याचे श्रेय त्यांनी आपल्या नेमस्त राहणीला दिले. मात्र रस्त्यापलीकडून हात करणारा सख्खा भाऊ त्यांना ओळखू येईना. हा भाऊ त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, निवृत्त बसचालक. आईमागे मावशींनीच त्याला वाढवले होते. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया वर्षभरापूर्वी झाल्या होत्या, आणि त्या विषयात तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजे.

तो त्यांना नेत्रतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेला.

"चष्मा सुटला म्हणजे डोळे सुधारले, असं नाही मावशी," डोळे तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यातलं जन्माचं भिंग घट्ट आणि पिवळट होत चाललंय. ते तसं होताना काही दिवस जवळचं चांगलं दिसतं, लांबचं बिघडतं. हाच मोतीबिंदू. पुढे जवळचंही जाईल."

"म्हणजे मी फुकटच मिरवत होते."

"सगळ्या गल्लीला सांगून झालंय हिचं," भाऊ म्हणाला. "डॉक्टर, ते भिंग काढून नवीन बसवाल ना, ते सगळ्यात भारीतलं बसवा. लांबचं, जवळचं सगळं दिसणारं. नाहीतर माझ्यासारखं लांबचं. मला चौकातल्या बसचा नंबर इथून वाचता येतो."

"तुला आता कुठली बस चालवायचीय?" मावशींनी विचारले.

"तुला तरी काय करायचंय? शिवलंस तेवढं पुरे. आता घरात बस, खिडकीतून जग बघ."

मावशींनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. डॉक्टरांनी ते पाहिले असावे, कारण त्यांनी प्रश्न भावाला न विचारता मावशींना विचारला, "दिवसभर डोळ्यांनी काय करता?"

मावशींनी पिशवीतून एक अर्धवट झालेला पायमोजा काढला, मांडीवर धरला आणि मान खाली घातली.

"असंच रोज?"

"बेचाळीस वर्षं."

डॉक्टर डोळ्यापासून हातापर्यंतचे अंतर मापू लागताच मावशी म्हणाल्या, "पट्टी कशाला? एक वीत, चार बोटं." पट्टी लावली, आणि ते तेवढेच भरले.

मग डॉक्टरांनी सावकाश समजावले. नवे भिंग जन्माच्या भिंगासारखे जवळ-लांब स्वतःहून जुळवून घेत नाही. साध्या भिंगाला एकच अंतर स्वच्छ दिसते, आणि ते कोणते असावे हे आधी ठरवावे लागते. अनेक अंतरांच्या भिंगात चष्म्याची गरज बरीच कमी होते, पण आत येणारा उजेड वाटला जातो. काहींना दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि जवळजवळच्या छटांमधला फरक थोडा मंदावू शकतो. पुष्कळांना ते उत्तम सोसते. पण गडद कापडावर गडद धागा शोधणाऱ्या माणसाने विचार करून घ्यावे.

"मग मला साधंच द्या. एक वीत, चार बोटांचं," मावशी म्हणाल्या. "लांबचं बघायला चष्मा लावीन."

"अगदी तंतोतंत जमेलच असं वचन देत नाही. थोडं पुढेमागे होऊ शकतं."

"तेवढी मान मी पुढेमागे करीन."

भाऊ घरी येईपर्यंत फुगून बसला होता. "आयुष्यभर माझ्यासाठी स्वस्तातलं घेतलंस स्वतःला. आता मी देतोय तर तिथेही तेच."

"अरे, तू मला खिडकी देतोयस. मला टेबल हवंय."

आपल्याला जे लाभले तेच दुसऱ्यालाही लाभावे, ही मायेची सर्वांत जुनी चूक आहे. भावाने ती मुकाट्याने मागे घेतली, आणि थेंबांची वेळ चुकू नये म्हणून घरातली तिन्ही घड्याळे जुळवली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली. पट्टी निघाल्यावर मावशींनी घरी आणवलेला धाग्यांचा डबा उघडला. काळ्या धाग्यांच्या पाच पुठ्ठ्यांपैकी दोन निळे होते. त्यांनी उजवा डोळा झाकला, तर पाचही काळे. डावा झाकला, तर दोन निळे. असे त्यांनी चार वेळा केले. मग त्या म्हणाल्या, "बाईंचा कोट."

शाळेच्या माजी मुख्याध्यापिकांचा तो गडद निळा कोट पाठीवर खिळ्याला अडकून फाटला होता. पूर्वी एकदा सैल करून घेतल्यामुळे त्याच्या शिवणीत धागा शिल्लक नव्हता, म्हणून मावशींनी तो डब्यातून घेतला होता, आणि काळा घेतला होता. "शोधा आता," असे म्हटल्यावर बाईंनी बराच वेळ शोधले होते. मग "हरले" म्हणून त्या कोट घेऊन गेल्या आणि सारा हिवाळा तोच घालून हिंडल्या.

दुसरा डोळाही झाला, थेंब संपले, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. मावशींनी पहिला निरोप बाईंना पाठवला.

"तुम्हाला दिसलं होतं," बाई आत येताच मावशी म्हणाल्या.

"दारातच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत? जगभर माझी फजिती पाठीवर घेऊन फिरलात."

"जन्मभर मुलांच्या वह्यांत लाल शाई ओतली, मावशी. तुमच्या कामावर ओतायला हात होईना. शिवाय, या कोटाची तीन भोकं तुम्ही अशी बुजवलीत की ती मलाच सापडत नाहीत. त्यांचं काय?"

मावशींना राग धरता आला नाही. कोणी चूक दाखवून उपकार करते, कोणी न दाखवून; दुसऱ्या प्रकाराची परतफेड हाताच्या कामानेच करता येते. त्यांनी काळी वीण धागा-धागा उसवली. दारातल्या उजेडात दोन निळे ताडून पाहिले, एक उचलला. कोट एक वीत, चार बोटांवर आला. बाई संध्याकाळपर्यंत औषधवाल्याच्या बाकावर बसून राहिल्या.

"शोधा आता."

बाईंनी कोट उलटसुलट केला. "हरले."

"मागेही हेच म्हणाला होतात. घाला, आणि चालायला लागा."

बाई निघाल्या. मावशींनी गळ्यात अडकवलेला लांबचा नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उंबऱ्यावर उभ्या राहून उतरत्या उन्हात ती पाठ पाहू लागल्या. घ्यायला आलेला भाऊ शेजारी येऊन उभा राहिला.

"तुझ्या डोळ्यांनी सांग," मावशी म्हणाल्या. "पाठीवर काही दिसतं?"

भावाने डोळे बारीक करून वळणापर्यंत पाहिले.

"कोट दिसतो," तो म्हणाला.

मावशींनी चष्मा उतरवला आणि अर्धवट राहिलेला पायमोजा उचलला.